केसरबाईंचा थेंब

७ डिसेंबर १९९८, सोमवार. फ्रिजमधला बर्फ काढायचा दिवस. सुरतेत, उधन्याच्या आमच्या आरोग्यकेंद्रातला लसींचा फ्रिज जुना होता, आणि बर्फ असा धरायचा की आतलं छोटं दार लागेनासं व्हायचं. मग लसी बर्फाच्या पेट्यांत काढून ठेवायच्या, वायर ओढायची, खाली परात सरकवायची आणि बसायचं. चाकूनं खरवडायचं नाही, हे मी सगळ्यांना इतक्या वेळा सांगितलं होतं की आता मी फ्रिजकडे निघाले की शिपाई रमणभाई आधी चाकू लपवून ठेवायचा.

मी पदर खोचून खाली बसले होते. हंसाबेन नर्स फडक्यानं पाणी टिपत होती. रमणभाई बाटल्या पेटीत लावत होता. तेवढ्यात एका धर्मादाय ट्रस्टचा माणूस पुठ्ठ्याचं खोकं घेऊन आला, माझी सही घेतली आणि गेला. खोकं मी रमणभाईकडे दिलं.

"काय शे ते?" दारातून आवाज आला.

"काविळीची लस," मी म्हणाले. "आपल्यासाठी. स्टाफसाठी. सुया लागतात ना आपल्या बोटांना, त्यातून कावीळ होते, तिची."

"आपल्यासाठी?"

"हो."

"केवढ्याला?"

"फुकट."

"मग माले नको," केसरबाई म्हणाल्या, आणि चपला घालून वस्तीत निघून गेल्या.

केसरबाई बोरसे आमच्याकडे रोजंदारीवर आरोग्यसेविका होत्या. मूळच्या अमळनेरकडच्या. नवऱ्यामागे सुरतेला आल्या, नवरा गेल्यावर इथंच राहिल्या. घरी अहिराणी, केंद्रात मराठी, बाजारात गुजराती आणि भांडणात हिंदी. बांधा काटक, नऊवारी पातळ घोट्याच्या वर, आणि डोळे असे की समोरच्यानं खिशात काय ठेवलंय ते आधी बघतील आणि मग तोंड.

त्यांचा कशावरच विश्वास नव्हता. दूध आलं की अंगठ्याच्या नखावर थेंब ठेवून तो कसा ओघळतो ते पाहायच्या. कांदे घ्यायचे तर दुकानदारानं पुढे मांडलेले नाहीत, मागच्या पोत्यातले. कुणाच्या घरी चहा घेतलाच तर पिशवीतल्या स्वतःच्या स्टीलच्या पेल्यात. देवळातला प्रसादसुद्धा आधी शेजारणीनं खाल्ला की मग. लसीची निळी पेटी घेऊन त्या वस्तीत जायच्या तेव्हा पेटीच्या पट्ट्याला वरून सुतळी गुंडाळायच्या आणि तिला एक विचित्र गाठ मारायच्या. ती गाठ त्यांच्याशिवाय कुणाला मारता येत नसे आणि सोडताही येत नसे. दुपारी जेवायला बसल्या तरी एक डोळा गाठीवर.

"कोण उघडणार आहे तुमची पेटी?" मी एकदा विचारलं.

"कोणी नाही उघडली म्हणून तर कळतं ना बाई, की कोणी नाही उघडली."



माझ्या यजमानांची बँकेत बदली झाली म्हणून मी नाशिकहून सुरतेला आले आणि या केंद्रावर सुपरवायझर झाले. पहिल्याच दिवशी केसरबाईंनी माझ्यासमोर एक रडकं पोर आणून बसवलं. "तुम्हीच टोचा आज," म्हणाल्या. मला वाटलं, मान देताहेत. मी सुई टोचली. केसरबाईंचं पोराकडे लक्ष नव्हतं, त्या माझ्या हाताकडे बघत होत्या. पोर रडायचं थांबल्यावर हंसाबेनला म्हणाल्या, "हात बरा आहे." नंतर कळलं की नवीन येणाऱ्या प्रत्येकीची ही परीक्षा असते, आणि माझ्या आधीची बाई नापास झाली होती.

त्यांच्या गल्ल्या म्हणजे खटखटणाऱ्या यंत्रमागांच्या कारखान्यांपलीकडची वस्ती. बहुतेक खानदेशची माणसं. पुरुष बारा तास मागावर आणि बायका घरात साड्यांना टिकल्या लावत. या बायका पोरांना लस द्यायला सहजी तयार नसत. लशीनं पोर लुळं पडतं, पुढे मूल होत नाही, सरकारला आपली संख्या कमी करायचीय, असं सगळं तिथं बोललं जाई. दुसऱ्या सेविका समजावत, पत्रकं वाटत, कधी दमही देत. केसरबाई यातलं काही करत नसत. ओट्यावर पेटी ठेवायची, गाठ सोडायची, पोलिओची बाटली काढायची, पहिला गुलाबी थेंब स्वतःच्या मनगटावर टाकायचा आणि सगळ्यांसमोर चाटायचा. मग म्हणायचं, "आधी मी. आता तुझं पोर."

मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा संतापले. "केसरबाई, लस पोरांसाठी आहे. असे थेंब वाया घालवायचे नसतात. हिशेब मला द्यावा लागतो."

"वाया कुठं गेला? माझ्या पोटात गेला."

"तुम्हाला त्याचा उपयोग नाही."

"माझा उपयोग नाही. तिचा आहे," म्हणून त्यांनी एका बाईकडे बोट दाखवलं. ती तोवर पोराचं तोंड उघडून बसली होती.

मी वरच्या ऑफिसला काही कळवलं नाही. पण मला ते पटलंही नाही. उद्या सगळ्याच सेविका थेंब चाटायला लागल्या तर काय, हा माझा प्रश्न होता. शिवाय मला एक वेगळीच शंका होती. मला वाटायचं, ही बाई वस्तीची खात्री पटावी म्हणून चाटतच नाही, हिला स्वतःलाच खात्री करून घ्यायची असते. एकदा मी हे विचारलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "दोन्ही शे."

चौऱ्याण्णवच्या प्लेगच्या साथीत त्यांची ही सवय सगळ्या केंद्रानं पाहिली. स्टेशन माणसांनी भरलं होतं, भुसावळकडे जाणाऱ्या गाड्यांच्या दारांना माणसं लोंबकळत होती. आमच्या रस्त्यावरचे दोन खासगी दवाखाने कुलूपबंद झाले होते. आम्हाला तोंडाला बांधायला फडकी आणि घ्यायला कॅप्सूल मिळाल्या आणि घरोघर फिरून तापाचे रोगी शोधा असं सांगण्यात आलं. आमचे डॉक्टरसाहेब तेव्हा नवीन, तरुण, नवसारीचे. त्यांनी टेबलावर कॅप्सूल मांडल्या. कुणी हात लावेना. सगळ्यांचं लक्ष केसरबाईंकडे.

"साहेब, आधी तुम्ही घ्या."

"मैं ले चुका हूँ, केसरबेन. सकाळीच."

"सकाळी आम्ही नव्हतो."

डॉक्टरांनी मुकाट्यानं एक उचलली, पाण्याबरोबर गिळली. केसरबाई पुढे सरकल्या. "जीभ उचला."

"शुं?"

"जीभ वर करा साहेब. खाली लपवता येते. पोरं लपवतात."

आणि त्या एम.बी.बी.एस. माणसानं आठ-दहा बायकांसमोर आ करून जीभ वर केली. केसरबाईंनी वाकून नीट पाहिलं, मग स्वतःची कॅप्सूल गिळली, पदर नाकावर बांधला आणि निघाल्या. आमच्यातल्या काहीजणी तोवर माहेरी पळाल्या होत्या. त्यांच्या वाट्याच्या गल्ल्याही केसरबाईंनी केल्या. ज्याला गोळी द्यायची त्याला समोर गिळायला लावायची आणि जीभ उचलायला लावायची. कारखान्यातला मिशाळ मुकादमसुद्धा दारात उभा राहून जीभ वर करून दाखवत होता, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

तर अशा बाईनं "माले नको" म्हटल्यावर ते तिच्यापुरतं राहणार नव्हतं.

ट्रस्टचा बेत असा होता. शुक्रवारी स्टाफला लस, आणि महिन्यानंतर वस्तीतल्या पोरांसाठी मोठं शिबिर. ही लस तेव्हा बाजारात महाग होती. मागावर काम करणारा बाप ती तीनदा विकत घेणं शक्यच नव्हतं. म्हणजे हे शिबिर झालं तर पोरांना मिळणार, नाहीतर नाही. ट्रस्टचे शेठ फोनवर स्पष्ट बोलले होते, "बेन, तमारो स्टाफ ज ना ले तो वस्तीवाळा केम लेशे? मग आम्ही खोकी कतारगामच्या केंद्राला पाठवू." त्यांचं चूक नव्हतं.

मंगळवारपर्यंत केंद्रात कुणीच लस घ्यायला तयार नव्हतं. हंसाबेनला मागच्याच महिन्यात सुई लागली होती, झाकण परत बसवताना, चांगली खोल. तिला तर सगळ्यांत आधी घ्यायला हवी होती. पण तीही म्हणाली, "केसरबेन लेशे तो हुं लइश." केसरबाई नाही घेत म्हणजे त्यांना काहीतरी कळलेलं असणार, असं प्रत्येकीनं धरलं, आणि ते काहीतरी काय असेल याचा प्रत्येकीनं आपापला शोध लावला. एक म्हणाली, ही मूल न होण्याची सुई आहे. तिचं ऑपरेशन होऊन दहा वर्षं झाली होती. दुसरी म्हणाली, आधी रोजंदारीवाल्यांवर करून बघतात, मग पगारीवाल्यांना देतात. रमणभाईनं सांगितलं की एकदा घेतली की जन्मभर घ्यावी लागते, दारूसारखं.

आणि वस्तीत तर एकच प्रश्न. मी बुधवारी फेरीला गेले तर ओट्यावर बसलेल्या बाईनं विचारलं, "ते पिवळ्या रोगाची सुई केसरबाईनी लेल्ही का?"

"घेणार आहेत," मी म्हणाले.

"लेल्ही का ते सांगा."

मलाही आता केसरबाईंचा संशय यायला लागला. नोकरी कायम व्हावी म्हणून त्यांचा अर्ज कित्येक वर्षं पडून होता. ही अडवणूक त्यासाठी तर नाही? की ही बाई, जन्मभर दुसऱ्यांना सुया टोचणारी, स्वतः सुईला घाबरते? की बाहेरच्या कुणी काही सांगितलंय? मी त्यांच्यावर लक्ष ठेवू लागले. कुणाशी बोलतात, कुठं थांबतात. दिवसभरात मला त्यांच्याबद्दल नवीन एवढंच कळलं की त्या दुपारी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी खातात आणि शेवटचा तुकडा कावळ्याला टाकतात, पण आधी स्वतः चव घेऊन.

गुरुवारी मी सरळ विचारायचं ठरवलं. दुपारी सगळे गेल्यावर त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसले.

"केसरबाई, कारण सांगा. मला शिबिर घालवायचं नाही."

त्या पेल्यातला चहा हलवत राहिल्या. मग म्हणाल्या, "आमचा तो कावीळनी गेला, तुम्हाला ठाऊक आहे का?"

मला नवरा वारल्याचं ठाऊक होतं. कशानं, ते नव्हतं.

"मागावर होता. ताप आला. रेल्वेपुलाखाली एक डॉक्टर बसायचा. कशाचा डॉक्टर, बॅग होती म्हणून डॉक्टर. त्याच्याकडे एकच सुई. याला टोचली, डबीतल्या पाण्यात बुडवली, पुढच्याला टोचली. मी समोर होते. मला तेव्हा काही माहीत नव्हतं. ताप उतरला. मी त्या डॉक्टरच्या पाया पडले." त्यांनी चहाचा घोट घेतला. "पुढं दोन-तीन महिन्यांनी डोळे पिवळे. गावी नेला. काविळीची माळ घातली डोक्यात. ती वाढत वाढत खाली येते, पायापर्यंत उतरली की कावीळ उतरली म्हणतात. गुडघ्यापर्यंत आली आणि तो गेला."



"सुईतून आली ती," त्या म्हणाल्या. "आणि आता तुम्ही सांगता, सुईनी थांबेल."

"ही सुई तशी नाही. एकदाच वापरायची, पाकिटातली."

"पाकीट चिकटवता येतं. केंद्राच्या मागं कचऱ्यातून भंगारवाला काय वेचून नेतो ते तुम्ही पाहिलं नाही, मी पाहिलंय. धुऊन, पाकिटात घालून, परत बाजारात. मी वस्तीत टोचते ती सुई माझ्या हातानं उकळते, घड्याळ लावून. मला टोचणार ती कुणी पाहिली?"

हे त्या हवेत बोलत नव्हत्या. जुन्या सुया पुन्हा विकल्या जातात हे आम्ही सगळेच ऐकून होतो. पण सगळ्याच गोष्टींवर असा संशय घ्यायचा तर काम बंद करून घरी बसावं लागेल, असं मी त्यांना सांगितलं. माझा आवाज थोडा चढला असेल.

"घरी बसायचं नाही," त्या पेला धूत म्हणाल्या. "बघून करायचं."

"मग उद्या या आणि बघा."

"बघायला येईन."

शुक्रवारी सगळे जमले. ट्रस्टचे शेठ पांढऱ्या कपड्यांत, बरोबर फोटोवाला. डॉक्टरसाहेब. हंसाबेन आणि बाकीच्या सेविका भिंतीला टेकून, आणि केसरबाई दाराच्या उंबऱ्यावर, ना आत ना बाहेर. खिडकीच्या गजाला धरून वस्तीतल्या पाच-सहा बायकाही आल्या होत्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

मी खोकं उघडलं, पहिली बाटली घेतली आणि हलवली. प्रत्येक बाटली भरण्याआधी हलवायची ही आम्हाला लागलेली सवय. चांगली लस हलवली की दुधासारखी एकसारखी पांढुरकी होते. ही झाली नाही. आत फाटलेल्या दुधासारखे कण तरंगले आणि टेबलावर ठेवल्याबरोबर तळाला बसायला लागले. मी दुसरी घेतली. तेच. तिसरी. तेच.

ही लस गोठली की मरते. पोलिओची बर्फात ठेवायची, ही नाही. मी मागे पाहिलं. "रमणभाई, सोमवारी हे खोकं कुठं ठेवलंस?"

"पेटीमां, बेन. एकदम बरफने अडीने." बाटल्या त्यानं बर्फाला चिकटवून ठेवल्या होत्या, आणि त्याला वाटत होतं मी त्याला शाबासकी देणार. "महागी छे ने, एटले वधारे ठंडीमां राखी."

त्याची चूक तरी काय म्हणायची. वर्षानुवर्षं आम्ही सगळ्यांनी त्याला एकच धडा पढवला होता, थंड, थंड, आणखी थंड. त्यानं महागाच्या लशीला जास्त मान दिला होता.

डॉक्टरसाहेब माझ्याजवळ आले. बाटली उजेडाकडे धरून त्यांनीही पाहिली. मग अगदी हळू म्हणाले, "नुकसान तो नथी करवानी, बेन. आजनी चलावी लो. कोने खबर पडवानी?"

ते खरं होतं. अपाय कुणाला झाला नसता. फायदाही झाला नसता. शेठ घड्याळ बघत होते, फोटोवाल्यानं कॅमेरा डोळ्याला लावला होता. खिडकीत बायका. खोलीत कुणालाच कळलं नसतं. मी उंबऱ्याकडे पाहिलं. केसरबाई माझ्या हाताकडे बघत होत्या, त्या पहिल्या दिवशी पाहिलं होतं तशाच.

मी बाटल्या परत खोक्यात ठेवल्या आणि खोकं बंद केलं. "नाही चालणार," मी मोठ्यानं म्हणाले, म्हणजे खिडकीपर्यंत जाईल इतक्या. "लस खराब झाली आहे. इथंच झाली, आमच्याकडे. आज कुणालाच द्यायची नाही. दुसरी येईल तेव्हा देऊ."

शेठ चिडले. ट्रस्टचे पैसे, आमची बेफिकिरी, कतारगाम, सगळं झालं. बरंचसं खरंही होतं, मी ऐकून घेतलं. डॉक्टरसाहेब भिंतीवरचा तक्ता वाचत होते. खिडकीतल्या बायकांत कुजबूज सुरू झाली, "खराब होती, खराब होती," आणि मी मनात म्हटलं, संपलं. आता ही वस्ती पोलिओलाही येणार नाही.

तेवढ्यात केसरबाई मोठ्यानं हसल्या. इतक्या वर्षांत मी ते हसणं पहिल्यांदा ऐकलं. पुरुषी, खोकल्यासारखं. त्या उंबरा ओलांडून आत आल्या आणि शेठजींसमोर उभ्या राहिल्या.

"दुसरं खोकं पाठवा शेठ. मी घेते."

"हवे? आज सुधी तो ना पाडती हती तमे!"

"आजवर नाही म्हणत होते. आजवर इथून खोकं परत गेलेलं मी पाहिलं नव्हतं." मग माझ्याकडे वळल्या. "पण आधी तुम्ही. माझ्यासमोर. बाटली मी काढणार, सुई मी निवडणार. आणि इथं नाही, गल्लीत."

दुसरं खोकं जानेवारीत आलं. शेठजींना ते पाठवायला कसं राजी केलं ते सांगत बसत नाही, दोनदा त्यांच्या पेढीवर जाऊन बसले एवढंच. ते खोकं फ्रिजमध्ये मी माझ्या हातानं मधल्या कप्प्यात ठेवलं, आणि केसरबाईंनी फ्रिजच्या मुठीला सुतळी बांधून आपली गाठ मारली. तेवढे दिवस पोलिओची लस काढायलासुद्धा त्यांना हाक मारावी लागे.

गल्लीत एका ओट्यापुढे खाट टाकली. बायका जमल्या, मागावरून सुटलेले दोन-चार पुरुषही. केसरबाईंनी खोक्यातून मधलीच एक बाटली उपसली, हलवली, उजेडाला धरली, मला दिली. मग सुयांची पाकिटं एकेक घेऊन दोन्ही अंगठ्यांनी दाबायला लागल्या. आतली हवा सुटते का ते बघत होत्या. एक बाजूला, दुसरं बाजूला, तिसरं पसंत पडलं. हंसाबेननं मला टोचली. केसरबाईंनी माझ्या दंडाकडे बराच वेळ पाहिलं, तो पिवळा पडतोय का ते बघावं तसं.

"दुखतं का?"

"दुखतं."

"हां," समाधानानं म्हणाल्या. "दुखत नाही म्हणाला असतात तर मी उठले असते." आणि बाही वर केली. त्यांनी डोळे मिटले नाहीत. सुई आत जाताना, बाहेर येताना, कचऱ्यात जाण्याआधी वाकवली जाताना, सगळं पाहिलं. त्यांच्यानंतर हंसाबेन बसली, मग बाकीच्या. पोरांच्या शिबिराला बायकांची रांग ओट्यापासून कारखान्याच्या फाटकापर्यंत गेली. शेठजींचा फोटो निघाला. आमच्यातलं त्या फोटोत कुणी नाही.

दुसरा डोस फेब्रुवारीत झाला. तिसरा पहिल्यापासून सहा महिन्यांनी, म्हणजे जुलैत. पण एप्रिलमध्येच केसरबाईंनी काम सोडलं. गुडघे गेले होते. नोकरी कायम झाल्याचा कागद आलाच नाही, आणि तो येईल असं त्यांनी कधी धरलंही नव्हतं. त्या मुलीकडे अमळनेरला गेल्या. निरोपाला आम्ही नारळ आणि साडी दिली. नारळ त्यांनी कानाशी हलवून पाहिला.

त्यांच्या गल्ल्या मी दुसऱ्या सेविकेला दिल्या. मुलगी चांगली होती, समजावून सांगायची, गोड बोलायची. पण जूनपर्यंत पोलिओला येणारी पोरं निम्म्यावर आली. मी स्वतः जाऊन समजावलं. बायका ऐकून घ्यायच्या, मान हलवायच्या आणि पोराला घेऊन आत जायच्या.

जुलैतल्या एका मंगळवारी संध्याकाळी मी केंद्र बंद करत होते तर दारात केसरबाई उभ्या. खांद्याला पिशवी, पातळ प्रवासानं चुरगळलेलं.

"तिसरी राहिली आहे ना," म्हणाल्या.

"अहो, तिकडे अमळनेरला सरकारी दवाखान्यात विचारायचं. एवढ्यासाठी रेल्वेनं आलात?"

"तिथला हात मी पाहिला नाही."

फ्रिजमधली बाटली त्यांनीच काढली, हलवली. पाकीट दाबलं. मी टोचली. दंड पूर्वीपेक्षा बारीक झाला होता. चहा विचारला, नको म्हणाल्या, पेला आणला नव्हता. रात्रीच्या गाडीनं परत जायचं होतं. बाही खाली करता करता म्हणाल्या, "माझ्या गल्लीत पोरं येत नाहीत म्हणे."

"नाही येत."

"तुम्ही काय करता?"

"समजावते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी एखादं पाकीट असावं आणि आतली हवा सुटत असावी तसं. "समजावून कोणी तोंड उघडतं का बाई?"

जाता जाता कोपऱ्यातल्या निळ्या पेटीशी थांबल्या. नव्या सेविकेनं पट्ट्याला साधी सरगाठ मारली होती. केसरबाईंनी ती एका झटक्यात सोडली, सुतळी गुंडाळली, आपली गाठ मारली, ओढून बघितली आणि पायऱ्या उतरून स्टेशनच्या रस्त्याला लागल्या. गुडघ्यांमुळे एकेक पायरी आडवं होऊन उतरत होत्या. वळून काही पाहिलं नाही. त्यानंतर त्या मला भेटल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी, पेटीत बर्फ भरायला ती गाठ सोडावी लागली. नखांनी सुटेना, शेवटी दातांनी सोडली. नव्या सेविकेला केंद्रात बसवलं आणि पेटी घेऊन मी स्वतः गेले. ओट्यावर पेटी ठेवली. बायका जमल्या, पोरं कडेवर, कुणी पुढं येईना. मी पोलिओची बाटली काढली, पहिला थेंब माझ्या मनगटावर टाकला आणि चाटला. कडवट होता.

कडेवर नातू घेतलेली एक म्हातारी पुढं सरकली. "जीभ दखाडा ना बाई."

मी जीभ बाहेर काढली.

"वर करा."

मी वर केली. तिनं वाकून नीट पाहिलं, एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं. मग नातवाचे गाल दाबून त्याचं तोंड उघडलं.